वायरचा की ब्लूटूथ? रोजच्या ऐकण्यासाठी हेडफोन निवडताना

दुकानात हेडफोन मागितला की काउंटरवरचा पोरगा आधी विचारतो, "दादा, कितीपर्यंतचा दाखवू?" त्याला उत्तर देण्याआधी स्वतःला दुसराच प्रश्न विचारून घ्यावा. दिवसातून आपण किती तास ऐकतो, आणि ऐकताना आपण कुठं असतो? वायरचा की ब्लूटूथ, याचा निकाल इथंच लागतो. कंपनी, रंग, डब्यावरचे मोठमोठे आकडे हे सगळं नंतर.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. एका जागी बसून ऐकायचं असेल तर वायरचा घ्यावा. हात कामात असतील, चालणं-फिरणं असेल तर ब्लूटूथ. आणि रोज पाच-सहा तासांच्या वर ऐकणाऱ्यानं कानात बसणाऱ्या छोट्या बड्सवर एकट्यावर विसंबू नये. मराठवाड्यातलं ऊन, विजेचं येणं-जाणं आणि तालुक्याच्या गावाहून सर्व्हिस सेंटरपर्यंतचं अंतर हे तिन्ही धरूनच मी हे म्हणतोय. पुण्या-मुंबईतल्या वातानुकूलित ऑफिसात बसणाऱ्याचा हिशेब वेगळा निघू शकतो.

पहिली पायरी: आठवडाभराची नोंद

वहीच्या एका पानावर आठवडाभर लिहून काढा: कधी ऐकलं, कुठं ऐकलं, किती वेळ, आणि काय. गाणी, कीर्तन, लेक्चर, फोनवरचं बोलणं, व्हिडिओ, गेम हे वेगवेगळं लिहा. कंटाळवाणं वाटेल, पण हजार-दोन हजार रुपये वाचवणारं काम आहे.

नोंद समोर आली की चित्र स्पष्ट होतं. लातूरच्या अभ्यासिकेत बसून रोज आठ तास लेक्चर ऐकणाऱ्या मुलीला वायरचा अडथळा होत नाही. फोन टेबलावर, ती खुर्चीवर. संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याला कंपनीच्या बसनं जाणाऱ्याचं ऐकणं जाता-येता मिळून दीड-दोन तासांचं, तेही गर्दीत आणि इंजिनाच्या घरघरीत. रात्रीची लाइट आली की मोटार चालू करून बांधावरून फिरणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात खोरं आणि टॉर्च असते, त्याला वायर सांभाळणं जमत नाही. घरात हरिपाठ आणि प्रवचनं ऐकणाऱ्या आजीचं बोट टचवर बसत नाही, तिला दाबायचं बटण लागतं. चौघांना एकच हेडफोन सुचवणारा दुकानदार चौघांचंही नुकसान करतो.

दुसरी पायरी: फोनला पिन लागते का?

२०१६ मध्ये ॲपलनं आयफोन ७ मधून ३.५ मिमीचं गोल भोक काढून टाकलं आणि मागोमाग बऱ्याच महागड्या फोनांतून ते गेलं. पण दहा-पंधरा हजारांच्या फोनांत अजूनही ते पुष्कळदा सापडतं. आपल्या फोनची वरची आणि खालची कड नीट पाहून घ्या.

भोक असेल तर पिनेकडे पाहा. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर त्या हेडफोनला माईक आहे. दोनच असतील तर तो फक्त ऐकायचा, बोलायचा नाही. जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरला माईकचं आणि आवाजाचं भोक वेगवेगळं असतं. तिथं तीन रेघांची पिन एकाच भोकात घातली तर आवाज येतो, पण समोरच्याला तुमचं बोलणं ऐकू जात नाही. त्यासाठी दोन तोंडांचा स्प्लिटर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो.

भोक नसेल तर दोन वाटा आहेत: थेट टाइप-सी पिनेचा हेडफोन, नाहीतर टाइप-सी ते ३.५ मिमी कनेक्टर. इथं एक गोम आहे. बाजारात असे कनेक्टर दोन जातींचे आहेत. एका जातीत डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी छोटी चिप आतच असते, तिला डॅक म्हणतात. दुसऱ्या जातीत चिप नसते, नुसत्या तारा जोडलेल्या असतात आणि आवाज फोननंच तयार करून द्यावा लागतो. पुष्कळ फोन तसा देतच नाहीत. म्हणून स्वस्तातला कनेक्टर एका फोनवर वाजतो आणि दुसऱ्यावर मुका राहतो. डॅकवाला मागा आणि पैसे देण्याआधी आपल्याच फोनला लावून वाजवून पाहा.

टाइप-सीचं एकच भोक असेल तर ऐकणं आणि चार्जिंग एकदम होत नाही. दिवसभर लेक्चर ऐकणाऱ्याला हे फार नडतं. दोन्ही एकत्र चालवणारे कनेक्टर मिळतात, पण वायरचा हेडफोन कानात आणि फोन भिंतीच्या सॉकेटला, असं ऐकू नका. लोकल चार्जर आतून फुटला किंवा घराची अर्थिंग नीट नसली तर करंट हेडफोनच्या तारेतून थेट डोक्यापर्यंत येऊ शकतो. वीज कडाडत असताना तर नाहीच नाही.

वायरचा आणखी एक फायदा आता कुणी सांगत नाही. फोनमध्ये एफएम रेडिओ असेल तर हेडफोनची तारच त्याची अँटेना असते. बीड, नांदेडसारख्या आकाशवाणी केंद्रांचं एफएम नेट पॅक न संपवता ऐकायचं तर तार लावावीच लागते, ब्लूटूथनं ते होत नाही. एफएमची सोय असलेल्या फोनांत ती बंद करून ठेवू नका, असं केंद्र सरकारनं २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना कळवलं होतं. पावसाचा अंदाज आणि बाजारभाव रेडिओवर ऐकणाऱ्या घरात हा मुद्दा छोटा नाही.

तिसरी पायरी: बॅटरीचा हिशेब

ब्लूटूथ घेताना लोक एका चार्जवर किती तास चालतं ते विचारतात. किती वर्षं चालतं ते कुणी विचारत नाही. खरा खर्च तिथं आहे.

लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते आणि तिथून पुढं उतरतच जाते. दोनदा अर्धं-अर्धं चार्ज केलं तर ते एक पूर्ण चार्ज धरायचं. आता अभ्यासिकेतल्या त्या मुलीचा हिशेब करू. रोजचे आठ तास, बड्स एका चार्जवर पाच तास चालणारे. म्हणजे दिवसाला १.६ चार्ज. ५०० ला १.६ नं भागलं तर ३१२ दिवस येतात. वर्ष भरायच्या आतच पाच तासांचे चार तास होणार, आणि नीट किंवा एमपीएससीची तयारी तर वर्षभराहून लांबते. बड्सची बॅटरी वाटाण्याएवढी, कवचात चिकटवून बंद केलेली. ती बदलून देणारा कारागीर जिल्ह्याच्या गावातही सहसा मिळत नाही.

तिनं एका चार्जवर तीस तास चालणारा नेकबँड, म्हणजे गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ हेडफोन, घेतला तर पावणेचार दिवसांतून एक चार्ज लागेल. तेच ५०० चार्ज व्हायला पाच वर्षं लागतील. त्याच्या आधी बटण जाईल, वायर तुटेल, पण बॅटरी म्हणून तो टिकेल. वायरच्या हेडफोनला तर हा हिशेबच लागू नाही.

यात ऊन धरलेलं नाही. परभणी, नांदेड, जालन्याला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी किंवा कारचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. लिथियम बॅटरीला उष्णतेइतकं वाईट काही नाही. ४५ अंशांच्या वर तर ती चार्ज करूच नये. दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावलेला बड्सचा डबा हाताला गरम लागला तर काढून ठेवावा आणि रात्री गारव्यात लावावा. उन्हाळ्यात बड्स शर्टाच्या खिशात चालतील, डिकीत ठेवू नका.

लाइटचाही प्रश्न आहे. भारनियमन असलेल्या गावात सकाळी फोन, टॉर्च, बड्सचा डबा आणि पॉवर बँक एकाच बोर्डावर रांगेत उभे असतात. बड्सना दोन गोष्टी चार्ज कराव्या लागतात, नेकबँडला एक, वायरला एकही नाही.

चौथी पायरी: आवाजात फरक किती?

डब्यावर ब्लूटूथ ५.३, ५.४ असे आकडे ठळक असतात. त्यांचा संबंध जोडणी आणि बॅटरीच्या बचतीशी जास्त, आवाजाच्या गोडव्याशी कमी. आवाजात जास्त फरक पडतो तो कोडेकनं, म्हणजे फोन गाणं कशा रीतीनं दाबून हवेतून पाठवतो त्यानं. एसबीसी हा कोडेक सगळ्या ब्लूटूथ हेडफोनांत असतोच, आणि चांगल्या जोडणीत तो सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जातो. आयफोनवाल्यांनी एएसी आहे का पाहावं. सोनीचा एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत जातो आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून अँड्रॉइडमध्ये त्याची सोय आहे. मात्र कोडेक फोन आणि हेडफोन दोन्हीकडं असावा लागतो. एकाकडं असून भागत नाही.

वायरमध्ये असं दाबणं नसतं, म्हणून कागदावर ती सरस. पण हजार रुपयांच्या मालात कोडेकचा फरक शोधत बसू नये. त्या किमतीत आवाज चांगला की वाईट हे आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज करणारा छोटा स्पीकर, आणि कानातली बसणी ठरवतात. शिवाय वायरच्या हेडफोनमध्ये बॅटरी, चिप, चार्जिंगचा डबा यांचा खर्च नसतो. म्हणून पाच-सातशेच्या वायरच्या हेडफोनमध्ये जो ड्रायव्हर मिळतो तो ब्लूटूथमध्ये मिळवायला दीड-दोन हजार मोजावे लागतात. रोज निवांत बसून शास्त्रीय गाणं किंवा अभंग ऐकणाऱ्याला एवढं कारण पुरेसं आहे.

मोठे, कान झाकणारे वायरचे हेडफोन घेताना डब्यावर ओहमचा आकडा पाहा. १६ ते ३२ ओहम असला की फोनवर भरपूर वाजतो. स्टुडिओसाठी केलेले २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन फोनला लावले तर आवाज मेलेला येतो, त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर लागतो.

पाचवी पायरी: उशीर, अडखळणं आणि फोनवर बोलणं

ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत यायला थोडा वेळ लागतो, साध्या हेडफोनात दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या पाव भागापर्यंत. गाण्यात तो कळत नाही. व्हिडिओची बरीच ॲप्स चित्र तेवढंच मागं ठेवून जुळवून घेतात. पण गेममध्ये गोळी आधी सुटते आणि आवाज नंतर येतो. मोबाइलवर पेटीचं ॲप वाजवायचं किंवा स्वतःचा आवाज ऐकत गाणं रेकॉर्ड करायचं तर ब्लूटूथ निरुपयोगी आहे. तिथं वायरच हवी. गेम मोड लिहिलेल्या बड्समध्ये उशीर कमी होतो, संपत नाही.

अडखळण्याचं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि त्या लहरी माणसाच्या अंगातल्या पाण्यात शोषल्या जातात. घरात भिंतींवर आपटून त्या वळसा घेऊन कानापर्यंत पोचतात. मोकळ्या शिवारात आपटायला भिंत नाही, त्यामुळं फोन मागच्या खिशात ठेवला की सगळा रस्ता अंगातून जातो आणि गाणं तुटतं. शेतात हेडफोन खराब झाला असं वाटतं आणि घरी आणला की ठणठणीत वाजतो, तो यामुळं. फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा, निम्मी तक्रार मिटेल.

लॅपटॉपवर ऑनलाइन मुलाखत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्लूटूथ हेडफोनचा माईक सुरू झाला की लॅपटॉप तो बहुधा हँड्सफ्रीच्या जुन्या पद्धतीवर टाकतो. लगेच आवाज डबक्यातून आल्यासारखा चपटा होतो. उपाय सोपा आहे. बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडायचा आणि ऐकण्यासाठी तेवढा हेडफोन. पण मुलाखत नोकरीची असेल तर मी वायरचाच लावायला सांगेन. ऐन वेळी जोडणी गेली, चार्ज संपला, असलं काही त्यात होत नाही.

सहावी पायरी: कानात बसतो का, आणि कानाला झेपतो का

या पायरीवर लोक सगळ्यात कमी वेळ देतात. ती सगळ्यात महत्त्वाची आहे.

रबरी टोपणाच्या हेडफोनसोबत लहान, मध्यम, मोठे असे तीन जोड येतात. बहुतेक जण मध्यम लावून आलेलाच वापरतात आणि बाकीचे डब्यात पडून राहतात. तिन्ही लावून पाहा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळा आकार लागू शकतो. बरोबर बसलं की मृदंगाचा खर्जाचा ठोका भरून येतो आणि पंख्याचा आवाज मागं सरतो. सैल असेल तर ठोका गायब होतो आणि आपण आवाज वाढवत जातो.

वाढवलेला आवाज कान खातो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८३ वर २० तास, ८६ वर १०, ८९ वर पाच. एसटीच्या शेवटच्या सीटवर इंजिनाला दाबण्यासाठी आवाज शेवटच्या रेघेवर नेणारा प्रवासी आठवड्याचं माप एक-दोन दिवसांत संपवतो. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये हेडफोनची पातळी दिसते. अँड्रॉइडमध्ये ठरावीक रेघेच्या वर गेलं की सूचना येते, ती बोटानं उडवून लावू नका. कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल किंवा उठल्यावर कान बधिर वाटत असतील तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडं जा. कानाच्या आतल्या केशपेशी मेल्या की परत उगवत नाहीत.

बाहेरचा आवाज कापणारं एएनसी इथंच कामाला येतं. इंजिनाची घरघर, रेल्वेचा सलग खर्ज, कूलरचा आवाज ते छान कापतं, कारण हा आवाज सारखा आणि खालच्या पट्टीचा असतो. हॉर्न, शेजारच्याचं बोलणं, रडणारं मूल यांच्यापुढं ते फारसं चालत नाही. मराठवाडा एक्सप्रेसनं धर्माबाद ते मनमाड जाणाऱ्यानं किंवा रोज बसनं ये-जा करणाऱ्यानं त्यासाठी जास्तीचे पैसे द्यावेत असं मी म्हणेन. घरी बसून ऐकणाऱ्यानं देऊ नयेत.

गाडी चालवताना, ट्रॅक्टरवर, रूळ ओलांडताना, मशीनवर काम करताना दोन्ही कान मोकळे पाहिजेत. रात्री पाण्याच्या पाळीला ऐकायचंच असेल तर एकाच कानात एक बड, तोही हळू. बांधावर सळसळ ऐकू आली पाहिजे. चांगले बड्स एकच लावला तर दोन्ही बाजूंचा आवाज त्यात एकत्र देतात. वायरचा हेडफोन एका कानात लावला तर अर्धं गाणं लटकत्या टोकात राहतं.

सातवी पायरी: दुकानातली परीक्षा

संभाजीनगरचं पैठण गेट असो, लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, ऑनलाइन दरापेक्षा पन्नास-शंभर जास्त गेले तरी कानात घालून पाहता येतं हा दुकानाचा मोठा फायदा आहे. तो पुरता वसूल करा. जाण्याआधी आपल्या ओळखीची एक-दोन रेकॉर्डिंग फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. दुकानदार त्याच्या मोबाइलवरचं धडधडतं डीजेचं गाणं लावतो. त्यावर कुठलाही हेडफोन भारीच वाटतो.

माझी शिफारस कीर्तनाच्या रेकॉर्डिंगची. त्यात सगळी परीक्षा एकाच वेळी होते. आधी फक्त टाळ ऐका. प्रत्येक टाळ वेगळा वाजून हळूहळू विरतोय का, की सगळे मिळून कागद चुरगाळल्यासारखी चरचर येते? मग मृदंगाची कणीक लावलेली बाजू ऐका. ठोका गोल आणि थांबणारा पाहिजे. तो घुमत राहून बुवांच्या शब्दांवर पसरत असेल तर त्या हेडफोनमध्ये बेस फुगवलेला आहे. शेवटी बुवांचा आवाज ऐका. ते भरात आले की स, श, च ही अक्षरं कानाला टोचतात का? टोचत असतील तर अर्ध्या तासात डोकं दुखेल. डीजेच्या गाण्यावर भारी वाटलेले कितीतरी हेडफोन या तीन प्रश्नांत नापास होतात.

वायरचा असेल तर गाणं चालू ठेवून पिनेजवळची तार हलकेच वाकवा. खरखर आली तर तो नग परत. आवाज अगदी तळाला आणून दोन्ही कानांत सारखं येतं का तेही पाहा.

ब्लूटूथचा असेल तर आपल्याच फोनला जोडा, फोन पँटच्या मागच्या खिशात टाका आणि दुकानाबाहेर रस्त्यावर या. चार पावलं चाला, मान फिरवा. मग तिथूनच, रिक्षांच्या गोंगाटात, घरी फोन लावून विचारा, "माझं बोलणं स्वच्छ येतंय का?" "येतंय, पण लांबून येतंय" असं उत्तर आलं तर माईक कमजोर आहे. फोनवर धंदा करणाऱ्यानं तो घेऊ नये. एखादा व्हिडिओ लावून ओठ आणि आवाज जुळतात का तेही बघून घ्या.

पाण्या-धुळीसाठी आयपीचा आकडा असतो. आयपीएक्स४ म्हणजे घाम आणि शिंतोडे चालतात. एक्सच्या जागी आकडा असेल तर धुळीचीही चाचणी झालेली असते. सोयाबीनच्या मळणीत वापरायचा असेल तर आयपी५५ किंवा त्याच्या वरचा शोधा.

बिल आणि वॉरंटी

पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. नामवंत कंपनीच्या डब्यात 'फर्स्ट कॉपी' देणारे सर्रास आहेत. ब्लूटूथ हेडफोनच्या डब्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाचा आहे ते दिसतं. नकली मालात आवाजाहून मोठी भीती बॅटरीची असते, ती कानाला खेटून बसलेली असते.

दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. सर्व्हिस सेंटर कोणत्या गावी आहे? घरून पार्सल उचलून नेतात का? एकच बड हरवला तर तेवढाच मिळतो का, आणि केवढ्याला? अंबाजोगाई किंवा सेलूच्या माणसाला दुरुस्तीसाठी दोन वेळा संभाजीनगर गाठावं लागलं तर हजाराच्या बड्सवर भाड्याचाच खर्च बसतो. वायरच्या हेडफोनची वॉरंटी तार तुटली की बहुधा लागू होत नाही, पण त्याला दुसरा इलाज आहे.

वापर आणि दुरुस्ती

वायरचा हेडफोन बहुतेक वेळा पिनेच्या मुळाशी मरतो. फोन खिशात, पिन वर आणि तार रोज तिथंच वाकते. म्हणून काटकोनात वळलेली पिन सरळ पिनेपेक्षा बरी. फोनभोवती तार घट्ट गुंडाळू नका, चार बोटांएवढे सैल वेढे करून ठेवा.

एका कानात आवाज येईनासा झाला तर पिनेजवळ तार वाकवून पाहा. मध्येच येत-जात असेल तर ड्रायव्हर जिवंत आहे आणि तारच तुटली आहे. मोबाइल रिपेअरिंगवाला तेवढा तुकडा कापून नवी पिन बसवून देतो, पन्नास-शंभर रुपयांत. आतल्या तारा केसासारख्या बारीक आणि रंगीत लाखेच्या असतात, बहुधा लाल उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची आणि तांब्याच्या रंगाची तार सामाईक. ती लाख आधी जाळून काढली नाही तर डाग धरत नाही. सोल्डर वरवर बसतं आणि आठ दिवसांत सुटतं. दुरुस्ती करणारा तारेचं टोक तापवून चकचकीत करतोय का, ते समोर उभं राहून पाहा.

बड्समध्ये एका बाजूचा आवाज बारीक झाला की लोक नवीन घ्यायला निघतात. आधी टोपण काढून उजेडात जाळी पाहा. तिच्यावर कानातला मळ बसलेला असतो. जाळी खाली तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशनं हलकेच झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. सुई किंवा काडी घालू नका, पाणी नको, तोंडानं फुंकू नका. घामेजलेले बड्स पुसून, वाळवूनच डब्यात ठेवा, नाहीतर चार्जिंगच्या पितळी ठिपक्यांवर गंज चढतो आणि एक बड चार्ज होणं थांबतं. कोरड्या कापसानं ते ठिपके पुसले की बऱ्याचदा चालू होतो. टोपणं तेवढी काढून साबणाच्या पाण्यात धुता येतात. कान वाहत असेल तर बरं होईपर्यंत कानात काहीच घालायचं नाही, आणि आपले बड्स दुसऱ्याला द्यायचे नाहीत.

पैसे कसे लावायचे

हजाराच्या आत बजेट असेल तर माझ्या मते वायरचाच घ्यावा, पाचशे-सातशेचा, तीन आकारांची टोपणं आणि माईक असलेला. उरलेल्या पैशांत फोनला भोक नसल्यास डॅकवाला कनेक्टर.

दीड हजाराच्या आसपास असेल आणि ऐकणं बसून आणि फिरून दोन्ही असेल तर एकच महाग वस्तू घेण्याऐवजी चार-पाचशेचा वायरचा आणि हजाराचा नेकबँड अशी जोडी घ्यावी. लेक्चर, मुलाखत, गेम, रात्रीचं निवांत गाणं वायरवर, आणि स्वयंपाक, शेत, चालणं नेकबँडवर. दोघांचंही आयुष्य वाढतं. आजी-आजोबांसाठी नेकबँडच, दाबायची बटणं असलेला आणि गळ्यात राहून न हरवणारा.

बड्स घ्यायचेच असतील तर रोजचं ऐकणं दोन-तीन तासांचं असावं, आणि दोन हजारांच्या पुढं जाऊन एएनसी आणि चांगला माईक असलेले घ्यावेत. आठशे-नऊशेचे बड्स घेऊन दर वर्षी टाकण्यापेक्षा ते परवडतं.

बॅटरी गेलेले बड्स किंवा नेकबँड घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. दाबली गेली की लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्या, आणि तोपर्यंत मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा.